नंदीला पाणी लागलं की

१४ मार्च २००५, सोमवार

लेक रक्षिता आज पुण्याहून कायमची परत आली. 'कायमची' हा शब्द माझा. ती 'ऑक्टोबरपर्यंत' म्हणाली.

एक ट्रंक, पुस्तकांची खोकी आणि नकाशे ठेवायचं एक लांब नळकांडं. ते नळकांडं तिने रिक्षावाल्याला उचलू दिलं नाही. आमचे हे, शिवशरण, गेल्यापासून घरात माणसाची चाहूल नव्हती, आज बाथरूममध्ये बादली वाजली तरी मला बरं वाटलं.

जेवताना तिने सगळं सांगितलं. प्रत्येक जिल्ह्यात आता आपत्ती व्यवस्थापनासाठी एक अधिकारी नेमणार आहेत. पूर, भूकंप, आग, काहीही आलं तर कुणी काय करायचं हे आधी ठरवून ठेवायचं आणि वेळ आली की सगळ्यांना हलवायचं, हे त्याचं काम. मुलाखत ऑक्टोबरात. त्याआधी प्रत्येक उमेदवाराने पुराचं एक गाव घ्यायचं, त्याची योजना करायची, पावसाळाभर ती चालवून दाखवायची. हिने आपल्या बावड्याच्या खालची, नदीकाठच्या गाळाच्या रानातली मळीची वस्ती घेतली आहे. निवड झाली तर नेमणूक बहुधा कोकणात.

मी विचारलं, मुलींना घेतात का असल्या कामाला? ती म्हणाली, "पाणी मुलींना वगळून येतं का, अव्वा?"

मी भात वाढला. मनात म्हटलं, निवड होऊ नये. देवापुढे दिवा लावतानाही तेच म्हटलं. शाळेत सिस्टर एडना सांगायच्या, डायरीत खोटं लिहिणारा स्वतःच्याच पाकिटातून चोरी करतो. म्हणून लिहून ठेवते.

३ एप्रिल, रविवार

निपाणीहून गुरुपाद आला होता. माझा धाकटा भाऊ, पण बोलायला लागला की थोरला वाटतो. स्थळ आणलं आहे. संकेश्वरचे लोक, मुलगा सोमेश, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत इंजिनिअर. इथेच फ्लॅट घेतो आहे. म्हणजे रक्षिता माझ्यापासून स्कूटरवर वीस मिनिटांवर राहील. मला तर देवाने नकाशा काढून दिल्यासारखं वाटलं.

रक्षिता म्हणाली, ऑक्टोबरनंतर बोलू. गुरुपाद म्हणाला, "का गं, पुराला वेळ दिलायस व्हय? यायच्या आधी तुला विचारून येणार?" ती हसली. मग तो म्हणाला की शिवशरण असते तर त्यांनी असलं काही करू दिलं नसतं. तेव्हा तिचं हसणं थांबलं.

"बाबा मार्केट यार्डात पडले तेव्हा भोवती किती माणसं होती, मामा. सगळी आपली. सगळ्यांना बाबांची काळजी होती. कुणी पाणी मारत होतं, कुणी कांदा शोधत होतं. गाडी बोलवायचं काम कुणाचं, हेच कुणाला माहीत नव्हतं."

मला कळलं नाही स्थळाच्या बोलण्यात ती हे मध्येच का आणते. जुन्या दुःखाला उगीच खाजवायचं.

१७ एप्रिल, रविवार

आज रक्षितेबरोबर मळीच्या वस्तीवर गेले. वस्ती म्हणजे नदीच्या वळणात, उसाच्या मध्ये बसलेली घरं. पुढे नदी, मागे ओढा. ओढ्यापलीकडे चढावर शाळा. नदीकाठी लहानसं महादेवाचं देऊळ, त्याच्यापुढे दगडी नंदी. आमच्याकडे दूध घालणारी बयाबाई तिथलीच. तिची सासू तानाबाई अजून स्वतः म्हशी धुते.

रक्षितेला सगळ्यात मोठी अडचण आहे ती आकड्यांची. कचेरीतून निरोप येतो की राजाराम बंधाऱ्यावर पाणी अमुक फूट आलं. वस्तीवर त्या फुटांना कुणी विचारत नाही. आकाराम म्हणून तिथला ट्रॅक्टरवाला आहे, ग्रामपंचायतीतही असतो. तो म्हणाला, "ताई, तुमचं फूट तिकडं कचेरीत मोजा. आमचा नंदी हाय की हितं."

ते ऐकून रक्षितेचे डोळे चमकले. तिने पट्टी लावून नंदी मोजला, ओढ्याची खोली मोजली, आणि ठरवलं. पाणी नंदीच्या पायाला लागलं की वस्ती रिकामी करायला घ्यायची. तिथून ओढा तुंबेपर्यंत सगळ्यांना पलीकडे जायला पुरेसा वेळ मिळतो. सगळ्यांना दिसणारी, सगळ्यांना माहीत असलेली खूण. पुण्यात तिला हेच शिकवलं होतं म्हणे, लोकांच्या ओळखीच्या खुणेवर योजना बांधायची.

घरी आल्यावर चहा पिताना मला तो नंदी डोळ्यांपुढून हलेना. लग्न होऊन आले त्या वर्षीची गोष्ट. आमच्या अत्ती, म्हणजे सासूबाई, रत्नव्वा, मला घेऊन तिथे गेल्या होत्या. कॉन्व्हेंटमधून आलेली मी, मला नदीला कुणी साडी नेसवतं हेच ठाऊक नव्हतं. पुराचं पाणी नंदीला लागलं की गंगव्वा महादेवाला भेटायला आली असं मानायचं आणि वस्तीतल्या, बावड्यातल्या बायांनी जाऊन तिची ओटी भरायची. सुपात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, हिरव्या बांगड्या. अत्ती घरातली पितळी कळशी बरोबर घ्यायच्या, भरून आणायच्या आणि ते पाणी दारात शिंपायच्या. मला म्हणायच्या, "दानव्वा, कळशी घेतली की मागं बघायचं न्हाय. बघितलं तर गंगव्वा तिथनंच फिरती."

मी हे सगळं रक्षितेला सांगत होते. ती नकाशावर ओढ्याची रेघ रंगवत होती आणि हं, हं म्हणत होती. मग म्हणाली, "अव्वा, साखर कमी पडली."

जाऊ दे. अत्ती गेल्यानंतर पाणी कधी तिथवर चढलंच नाही, तिला आठवण तरी कुठून असणार.

६ मे, शुक्रवार

आज हसण्यासारखं. वस्तीवरच्या मारुतीच्या देवळात लाऊडस्पीकर आहे. वेळ आली की त्यावर लावायला कॅसेट हवी. रक्षितेचं म्हणणं, घाबरलेला माणूस बोलला की ऐकणाराही घाबरतो, म्हणून आवाज आधीच भरून ठेवायचा, आणि तो शांत हवा. आवाज माझा घेतला. आठवीत वक्तृत्वाची ढाल मिळवली होती, ते तिने कुठे लक्षात ठेवलं होतं कोण जाणे.

"नंदीला पाणी लागलं आहे. सर्वांनी ओढा ओलांडून शाळेत यावं. बायका, मुलं आणि वृद्ध यांनी आधी निघावं. जनावरं सोडून द्यावीत."

तीनदा म्हणून घेतलं. सिस्टर एडना असत्या तर म्हणाल्या असत्या, शेवटचं अक्षर गिळू नकोस. नाही गिळलं.

२२ मे, रविवार

वस्तीवर तालीम झाली. भर उन्हात पुराची तालीम. आकारामने कॅसेट लावली आणि माझा आवाज उसावरून घुमला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बयाबाई पदराने वारा घेत म्हणाली, "वैनी, तुमी बोलताय तर आमची म्हस बी उठून हुबी ऱ्हायली. पर तिला शुद्ध मराठी कळतंय का बगा."

पण सगळे निघाले. बाया पोरांना घेऊन, म्हातारी माणसं काठ्या टेकत, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून हसत खिदळत शाळेत. शाळेत रक्षितेने चहा आणि पोहे ठेवले होते. तानाबाईने दोनदा पोहे घेतले आणि विचारलं, पुढची तालीम कधी.

सगळं ठरल्या वेळेआधी झालं. कचेरीतून आलेले साहेब खूश. रक्षितेने त्यांना म्हटलं, कुठे चूक वाटली तर सांगा. ते म्हणाले, चूक काढायला जागाच नाही.

परत येताना ती स्कूटरवर गुणगुणत होती. तिचं गुणगुणणं मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. आणि मला कळलं, ही जाणार.

३० जून, गुरुवार

सोमेश येऊन गेला. नीटनेटका मुलगा, बोलणं मऊ. हाताला लोखंडाचा वास होता, त्याबद्दल त्यानेच माफी मागितली. रक्षिता त्याच्याशी भट्टीच्या आगीबद्दल बोलत बसली, आग लागली तर बाहेर पडायची दारं किती आणि कुठे. तो बिचारा शिरा खायचा राहिला.

२५ जुलै, सोमवार

पाऊस थांबत नाही. राधानगरीकडेही तोच जोर आहे म्हणतात. दूध आलं नाही. रक्षिता कालपासून वस्तीवरच आहे, आकारामच्या घरी. फोनवर म्हणाली, "नंदीला अजून अवकाश आहे. तू घराबाहेर पडू नकोस, अव्वा."

तिच्या आवाजात भीती नव्हती. मला हवी होती.

२९ जुलै, शुक्रवार

जसं झालं तसं लिहिते.

बुधवारी सकाळी मी भाजी निवडत होते. उसावरून वाऱ्याबरोबर माझाच आवाज आला. नंदीला पाणी लागलं आहे.

त्यानंतर मी काय केलं ते पुन्हा पुन्हा आठवून बघते, आणि दर वेळी तेच दिसतं. मी उठले. हात धुतले. कपाटातून हिरवा खण काढला. देवघरातला नारळ घेतला, सुपात तांदूळ घातले. हातातल्या काचेच्या बांगड्या काढून त्यात ठेवल्या, नव्या घरात नव्हत्या. माळ्यावरून अत्तींची कळशी उतरवली. आणि रेनकोट घालून बांधावरून नदीकडे चालू लागले.

'बाहेर पडू नकोस' हे पोरीचे शब्द होते, आणि 'ये' हे अत्तींचे. मला ते दोन वेगळे आहेत असंही वाटलं नाही. विधवा बाईने ओटी भरावी का, हासुद्धा विचार मनात आला नाही. ओढ्याच्या मोरीवर घोट्याएवढं पाणी होतं. मी ते ओलांडून वस्तीच्या बाजूला गेले.

देवळापाशी गेले तर सगळ्या तिथे. वस्तीतल्या बाया, बावड्यातल्या काही, डोक्यावर पोती घेतलेल्या, प्रत्येकीच्या हातात सूप नाहीतर ताट. पोरं कडेवर. पुरुष म्हशी सोडून ओढ्याकडे गेले होते, बाया मागून येणारच म्हणून. आणि मध्ये माझी रक्षिता, गुडघाभर पाण्यात, हातातल्या भोंग्यावर ओरडत. ओट्या नंतर भरा, आधी शाळेत चला, ओढा तुंबतोय.

बयाबाई तिला समजावत होती, जशी लहान पोराची समजूत घालावी. "ताई, जातो की. साळंतच जातो. पर ती दारात आलीया न्हवं? माहेरवाशीण ती. तिला रिकाम्या हातानं कशी धाडायची? एवढं झालं की निगालोच."

कुणी योजना मोडत नव्हतं. सगळ्या शाळेत जाणारच होत्या. तालमीत उन्हाळा होता, नदी दूर होती, तिला काही द्यायचं नव्हतं. आता ती आली होती.

तेवढ्यात रक्षितेने वळून पाहिलं. तिला मी दिसले. हातात सूप, कळशी. आमच्या दोघींच्या मध्ये पाऊस होता, तरी तिचा चेहरा मला स्वच्छ दिसला. तो मी इथे लिहिणार नाही.

मग मागून आकारामची हाक आली की मोरी बुडाली.

मी काय विचार केला असं लोक विचारतात. काही नाही. मी पुढे झाले, कळशी पाण्यात बुडवून भरली, तिच्या गळ्याला माझा खण बांधला आणि डोक्यावर घेतली. जो आवाज निघाला तो ढाल मिळवणारा नव्हता, अत्तींचा होता. "गंगव्वा माझ्यासंगं निघाली! तिला साळंत बशिवतो, थितं वट्या भरायच्या. चला, तिच्या म्होरं कुनी थांबायचं न्हाय."

बयाबाईने एकदा कळशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तिने सूप डोक्यावर घेतलं आणि माझ्या मागे आली. तिच्या मागे दुसरी.

ओढ्यात पाणी कमरेला लागलं. पुरुषांनी दोर धरला होता. मागे कुणीतरी ओरडलं, "म्हातारी नंदीपाशीच ऱ्हायलीया!" आणि मग, "ताई गेली तिच्या मागं!"

मी मागे पाहिलं नाही. कळशी घेतली की बघायचं नाही. मी थांबले असते तर माझ्यामागच्या सगळ्या तिथेच, पाण्याच्या मध्ये थांबल्या असत्या, एवढं मला कळत होतं. पण खरं सांगायचं तर मला मागे बघायचं धैर्य नव्हतं. आकाराम आता म्हणतो, वैनींनी धीर धरला. कसला धीर. मी एका हाताने कळशी, दुसऱ्या हाताने दोर धरून चालत राहिले आणि माझ्या पोरीचं नाव मनातही घेतलं नाही.

शाळेच्या व्हरांड्यात कळशी टेकली. मग वळले.

रक्षिता तानाबाईला पाठीवर घेऊन चढ चढत होती. दोर धरणारे दोघे तिच्या बाजूला होते. तानाबाईच्या मुठीत अजून नारळ होता. तिला ऐकू कमी येतं. आम्ही निघालो ते तिला कळलंच नाही.

बायांनी व्हरांड्यात कळशीची ओटी भरली. नंतर वस्ती दिसेनाशी झाली.

१ ऑगस्ट, सोमवार

तानाबाई आज पहाटे दवाखान्यात वारली. छातीत पाणी झालं होतं.

वस्तीतलं बाकी प्रत्येक माणूस जिवंत आहे. कचेरीतले साहेब रक्षितेला म्हणाले, शाबास, एवढ्या पुरात एकच. तिने घरी येऊन बाथरूमचं दार लावलं. बराच वेळ बादली वाजली नाही.

२० ऑगस्ट, शनिवार

पाणी ओसरलं. वस्तीवर चिखल आणि कुजलेल्या उसाचा वास. बयाबाई आज पहिल्यांदा आली, दूध नव्हतंच, नुसती आली. मी तिच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते. रक्षिता तिच्यापुढे जमिनीवर बसली. बयाबाई म्हणाली, "आमची म्हातारी वटी भरून गेली, ताई. ती तुज्या बाचं बी ऐकली नसती. माजं कदी ऐकलं व्हय जन्मात?" आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

ती गेल्यावर रक्षिता म्हणाली, "मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

मग अगदी साध्या आवाजात म्हणाली की ती मुलाखतीला जाणार नाही. योजना तिची होती, खूण तिची होती, बायका पाण्याकडे गेल्या त्या त्या खुणेमुळे. असल्या माणसाने जिल्हा हातात घेऊ नये. आणि मामांना सांग, सोमेशच्या घरच्यांना बोलवायला हरकत नाही.

मार्चपासून जे मागत होते ते मिळालं. मी गुरुपादला फोन करायला उठले. नंबर फिरवला, अर्धा फिरवून ठेवून दिला. गूळ म्हणून तोंडात घातलं आणि माती निघाली असं झालं.

४ सप्टेंबर, रविवार

रक्षितेनेच शेवटी मामाला कळवलं. सोमेशचे लोक येणार म्हणून काल गुरुपादने परस्पर तारीखही धरली. रक्षिता हो म्हणते. साडी कुठली विचारलं तर 'कुठलीही' म्हणते. नळकांडं कॉटखाली ढकललं आहे.

आज मला राहवलं नाही. एक गोष्ट महिनाभर छातीवर बसून आहे. मी तिच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. ओटीचं मला माहीत होतं. वस्तीतल्या बायांना विचारायची गरजच नव्हती, घरातच एक बाई होती जिला माहीत होतं. मी बोलले नाही. विसरले म्हणते, पण तू जाऊ नयेस म्हणून मी रोज दिवा लावत होते, तेव्हा विसरले की विसरू दिलं, ते माझं मलाच सांगता येत नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली.

"तू बोललीस, अव्वा."

मला समजेना.

"चहा पिताना बोललीस. तुझ्या अत्तींनी तुला नेलं होतं, सूप, कळशी, मागं बघायचं नाही, सगळं. मी ऐकलं होतं. मला वाटलं, अव्वा परत जुन्या गोष्टी सांगायला लागली. मी नंदीची उंची लिहून घेतली. तू काय सांगतेस ते घेतलं नाही. तालमीत मी विचारलं कुणाला? साहेबांना. बायकांना पोहे वाढले."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. इतक्या वर्षांत पोरीवर असा राग आला नव्हता.

"मग हे त्यांना जाऊन सांग," मी म्हटलं. "मुलाखतीत सांग. असंच, शब्दाला शब्द."

"सांगितलं तर घेणार नाहीत."

"नाही घेतलं तर सोमेश आहेच."

ती हसली. हसता हसता रडायला लागली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, शाळेतून ताप घेऊन यायची तसं. तिचे केस विंचरत बसले. किती गळतात आता.

गुरुपादला फोन केला की लोकांना थांबव. तो म्हणाला, "अक्का, तुझं डोकं ठिकाणावर हाय का?" मी म्हटलं, बहुतेक नाही.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

रक्षिता पुण्याला मुलाखत देऊन आली. सगळं सांगितलं म्हणाली. समोर तिघे होते. एकाने विचारलं, मग त्या बायकांना शेवटी कुणी हलवलं? ती म्हणाली, माझ्या आईने.

त्यांनी आईचं शिक्षण विचारलं म्हणे. मला इतकी लाज वाटली. मी म्हटलं, नुसत्या मॅट्रिकचं तरी सांगायचं नव्हतंस.

आज देवापुढे दिवा लावला आणि काही मागितलं नाही.

९ डिसेंबर, शुक्रवार

रक्षितेला समुद्राकाठचा जिल्हा मिळाला. सोमवारी एसटीने गेली. ट्रंक, खोकी, आणि ते नळकांडं. ते मला उचलू दिलं. स्टँडवर मी रडणार नाही असं ठरवलं होतं. बस वळेपर्यंत ठरलेलं पाळलं.

सोमेशचं लग्न जमलं. मुलगी निपाणीकडचीच. पत्रिका सुंदर आहे.

आज संध्याकाळी तिचा फोन आला. खोली बरी आहे, जेवणात नारळ फार. मी विचारलं, कचेरीत कुणी नीट बोलतं का? म्हणाली, अजून कचेरीत बसलेच नाही. तीन दिवस कोळीवाड्यात बायकांच्या दारात बसते आहे.

"काय करतेस तिथं?"

"विचारते. समुद्राला काय देता, कधी देता, कुठं उभं राहून देता. मग त्या त्यांच्या सासूच्या गोष्टी सांगतात. मग मी गप्प बसते, अव्वा."

फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटलं. बाथरूममधली बादली मीच उगीच सरकवून पाहिली.

३० जुलै २००६, रविवार

यंदाही पाणी चढतं आहे. वस्तीवर आता रक्षिता नाही, कचेरीचं माणूस एखाद्या वेळी येऊन नंदी बघून जातं. कॅसेट जुनीच होती. आकाराम परवा येऊन मला एवढंच म्हणाला की आवाज नवा भरा, आणि ह्या टायमाला आमच्यागत बोला. भरून दिला. गंगव्वाला शाळेत बसवायचं, ओट्या तिथे भरायच्या, असं स्पष्ट सांगितलं. शेवटचं अक्षर गिळलं असेल.

आज सकाळी बयाबाई दूध घेऊन आली. पातेलं रिकामं करून ती उंबऱ्यात बसली. म्हणाली, बायांचं ठरलं आहे. पाणी नंदीला लागायची वाट बघत बसायचं नाही. त्याच्या आधीच कळशी भरून निघायचं, म्हाताऱ्यांना कळशीच्या पुढे घालायचं, म्हणजे कुणी मागे राहत नाही. तानाबाईचं नाव तिने घेतलं नाही.

"आनि कळशी तुमी घ्यायची, वैनी. दुसरीच्या मागनं कोन येनार न्हाय."

मी म्हटलं, माझं वय झालं, गुडघे दुखतात, आणि मला त्यातलं काय कळतं. रक्षिता असती तर गोष्ट वेगळी. तिने रीतसर शिकून घेतलं आहे.

बयाबाई पातेलं उचलत म्हणाली, "बरं. कळशी घासून ठिवा."

दुपारी चिंच लावून घासली. चकचकीत निघाली आहे. दाराशीच ठेवली आहे, म्हणजे शोधायला नको.